बोट सगळ्यात शेवटी घ्या

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न असा आहे : "मस्कतला असलेला माझा मावसभाऊ आणि त्याच्या ओळखीचा एक स्थानिक माणूस मिळून हिंदी महासागरातल्या एका बेटदेशात टुनाची कंपनी काढतायत. जुनी लाँगलाइनर बोट बघून ठेवली आहे. माझ्याकडून चार कोटी मागतायत, त्यातले तीन बोटीला जाणार. आमची द्राक्षं युरोपला जातात, त्यामुळे निर्यात मला नवीन नाही, पण मासळीतलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. पैसे घालू का? घातले तर कुठे लक्ष ठेवू?" सोबत त्यांनी हिशेबाची एक्सेल शीटही पाठवली आहे.

मी मूळचा कोकणातल्या हर्णै बंदराचा. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते. कोचीच्या सिफनेटला, म्हणजे खोल समुद्रातल्या बोटींचे कप्तान आणि इंजिनवाले घडवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत शिकलो. ऐंशीच्या दशकात भाडेकरारावर आपल्याकडे आलेल्या तैवानी बोटींवर काम केलं. पुढे मालदीव, सेशेल्स, फिजी, ओमान इथे काही दुसऱ्यांचे आणि काही भागीदारीतले धंदे उभे केले. आता सासुरवाडीच्या गावी, नाशिकला स्थायिक आहे. कोळ्याने समुद्र सोडून गोदावरीकाठी बिऱ्हाड केलं यावर हर्णैत अजून टिंगल चालते, ती चालू दे.

सरळ सांगायचं तर पैसे घालायला हरकत नाही, पण बोटीत घालू नका. निदान पहिल्या दोन हंगामांत नकोच. का, ते सांगायला जरा लांबण लागेल.

आधी तुमची एक्सेल शीट घेऊ. त्यात लिहिलंय की एका टाकणीला १,२०० गळ, शंभर गळांमागे दीड मासा, महिन्याला २२ टाकण्या, आणि सगळा माल 'ए ग्रेड' धरून जपानचा भाव. ज्याने ही शीट केली त्याला आकडेमोड छान येते, पण तो बोटीवर चढलेला नाही. लाँगलाइन म्हणजे नायलॉनची एकच लांबलचक दोरी, पन्नास-साठ किलोमीटरची. तिला ठरावीक अंतरावर बोये, आणि मधे लोंबणाऱ्या फांदीदोऱ्यांना गळ. गळाला माखूल किंवा बांगड्याच्या जातीची छोटी मासळी आमिष म्हणून लावतात. पहाटे टाकायला चार-पाच तास, मग थांबायचं, आणि ओढायला दुपारपासून मध्यरात्र. हिंदी महासागरात शंभर गळांमागे एक धड येलोफिन, म्हणजे पिवळ्या पराचा टुना, लागला तरी मी त्या दिवशी तक्रार करणार नाही. म्हणजे १२ मासे. सरासरी ३५ किलोचा धरा, ४२० किलो. अशा बारा टाकण्या झाल्या की पाच टन.

आता यातली खरी अडचण बघा. बर्फात ठेवलेला ताजा टुना कच्चा खाण्याच्या दर्जाचा राहतो तो, काम अगदी नीट केलेलं असलं तर, साधारण दोन आठवडे. तेही पकडल्यापासून, धक्क्यावर उतरवल्यापासून नव्हे. बंदरातून मासेमारीच्या जागेपर्यंत दीड-दोन दिवस, तेवढेच परत. बारा टाकण्या करून बोट आली तर पहिल्या दिवशीच्या माशाला तोवर चौदा दिवस झालेले. तो विमानात चढवायचा, टोकियोत लिलावाला लावायचा आणि तिथल्या हॉटेलात कापायचा, तर त्याचं आयुष्य तुम्ही समुद्रावरच संपवलंय. म्हणजे २२ टाकण्यांनी मासा वाढतो, पैसा वाढत नाही. माझ्या अनुभवात चांगली बोट म्हणजे सात-आठ टाकण्या करून मासळीचा अर्धा खण रिकामा असतानाही परत फिरणारी बोट. मालकाच्या पोटात गोळा येतो ते बघून. पण पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात पडली की कळतं.

उणे ६० अंशांत मासा गोठवणाऱ्या बोटीही असतात. त्या महिनोन् महिने समुद्रात राहतात आणि त्यांचा माल वर्षभर लालबुंद राहतो. त्या बोटी तुमच्या-माझ्या आवाक्यातल्या नाहीत. आणि तुमच्या शीटमध्ये 'फ्रीजर' म्हणून जी ओळ आहे ती उणे १८ ची आहे. तिथे मासा खराब होत नाही, पण मांसाचा लाल रंग काही आठवड्यांत तपकिरी पडतो. खायला चालतो, पण साशिमीच्या, म्हणजे कच्च्या खायच्या माशाच्या भावाला मुकतो.

हे झालं वेळेचं. दर्जा कुठे ठरतो? तो डेकवर, मासा पाण्याबाहेर आल्यापासूनच्या पहिल्या चार-पाच मिनिटांत ठरतो. हा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण एक्सेलच्या कुठल्याही रकान्यात तो नाही आणि सगळा धंदा त्यावर उभा आहे.

टुना हा इतर माशांसारखा थंड रक्ताचा नाही. त्याच्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांची रचनाच अशी आहे की स्नायूंत तयार झालेली उष्णता बाहेर न जाता आतच फिरत राहते. गळाला लागून झुंजलेला येलोफिन वर येतो तेव्हा त्याचं अंग समुद्राच्या पाण्यापेक्षाही बरंच गरम असतं. त्यात झुंजीमुळे स्नायूंत आम्ल साठलेलं. हा मासा तसाच डेकवर आपटत ठेवला, तर मांस आतून शिजल्यासारखं फिकट, पाणचट होतं. जपानी खरेदीदार त्याला जळका म्हणतो आणि टोपलीबाहेर काढतो.

म्हणून मासा बोटीच्या कडेला आला की हुक मारायचा तो फक्त डोक्यात. अंगात मारलेला हुक म्हणजे त्या बाजूचं मांस गेलं. दोघांनी उचलून तो जाड गादीवर घ्यायचा. हो, गादीवरच. लोखंडी डेकवर पडला की रक्त साकळतं. ओला कपडा डोळ्यांवर टाकला की बहुतेक मासे शांत होतात. मग डोळ्यांच्या मधे किंचित वर जी मऊ जागा लागते तिथे सळई घालून मेंदू बंद करायचा. त्याच भोकातून जाड नायलॉनची तार पाठीच्या कण्यात सारायची. तार आत सरकते तशी माशाच्या अंगावरून एक शहारा शेपटीपर्यंत जातो आणि सगळं अंग सैल पडतं. ती तार नीट गेली तर स्नायूंना 'मेलो' हा निरोप उशिरा पोचतो, आकडायला वेळ लागतो, आणि तेवढा मांसाचा ताजेपणा वाढतो. मग बाजूच्या पराच्या मागे तीन-चार बोटं सोडून दोन्ही अंगांना एक-एक चीर. तिथून मुख्य रक्तवाहिनी जाते. हृदय अजून धडधडत असतानाच रक्त बाहेर यायला हवं. नंतर कल्ले सोडवायचे, गुदद्वाराभोवती गोल कापायचं आणि पोट न फाडता सगळी आतडी कल्ल्यांच्या वाटेने एका ओढीत बाहेर घ्यायची. आतून ब्रशने धुवायचं. आणि तडक समुद्राचं पाणी आणि चुरा बर्फ कालवलेल्या हौदात. चाळीस किलोच्या माशाचा गाभा शून्याजवळ यायला सगळी रात्र जाते. तोवर त्याला बाहेर काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी बर्फात, पोटातही बर्फ भरून, एकमेकाला न टेकता.

हे काम चांगला खलाशी चार-पाच मिनिटांत करतो. पण रात्री अकरा वाजता, दहा तास दोर ओढून झाल्यावर, पाऊस आणि हेलकावे असताना तो ते करेल का? इथे मालकाच्या हिशेबाची कसोटी लागते. बहुतेक ठिकाणी खलाशाला वाटा किलोवर मिळतो. किलोवर वाटा असेल तर तो गादी का आंथरेल? फिजीला असताना मी आमच्या भागीदारांशी भांडून वाटा ग्रेडवर लावून घेतला होता. पहिल्या नंबरच्या माशाला जास्त, तिसऱ्याला नावापुरता. त्यानंतर तारेच्या गुंडाळ्या कुठे संपल्या हे खलाशीच येऊन सांगायला लागले. तुमच्या मावसभावाला विचारा, वाटा कशावर आहे. उत्तर 'पगारी माणसं आहेत' असं आलं, तर शीटमधला 'ए ग्रेड' खोडून टाका. आणि माणसं कुठली, त्यांचे करार कोणाकडे, पासपोर्ट कोणाच्या कपाटात, हेही विचारा. परदेशी खलाशांना राबवून घेण्याच्या ज्या गोष्टी तुम्ही वाचता त्या खऱ्या आहेत, आणि युरोपातला खरेदीदार आता याचीही कागदपत्रं मागतो.

धक्क्यावर ग्रेडर उभा असतो. त्याच्याकडे एक पोकळ बारीक सळई असते. ती तो पराजवळ मांसात घालून काढतो, तिच्या खाचेत पेन्सिलीएवढा मांसाचा तुकडा येतो. शिवाय शेपटीजवळून एक छोटा काप. तो काप बोटांत चोळून चिकटपणा बघतो, उजेडात धरून रंग बघतो, कडेला चरबीची पांढरी झाक आहे का ते बघतो. तोंडातून शब्द नाही. मग खडूने किंवा स्टिकरने १, २+, २, ३. एका माशाला दहा-पंधरा सेकंद. एक आणि तीन यांच्या भावात अनेक पटींचा फरक असतो, मासा तोच, डिझेल तेवढंच जळलेलं. नव्या कंपनीचा निम्मा माल जरी २+ च्या वर बसला तरी मी शाबासकी देईन. सगळाच्या सगळा 'ए' हे मी कुठल्याही बंदरात बघितलेलं नाही.

आता विमान. तुमची द्राक्षं न्हावाशेव्याहून बोटीने युरोपला जातात, तीन-चार आठवडे लागले तरी प्री-कूलिंग आणि रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर नीट असेल तर घड हिरवागार उतरतो. ताज्या टुनाला ती चैन नाही, त्याला विमानच लागतं. हा सगळा ताज्या टुनाचा जागतिक बाजारच विमानाने जन्माला घातलेला आहे. जपान एअरलाइन्सची विमानं उत्तर अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊन जात आणि रिकामी परतत. त्या रिकाम्या पोटात काय भरता येईल, हे शोधता शोधता कंपनीच्या लोकांनी कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे ब्लूफिन जातीचे मोठे टुना पाठवायची शक्कल काढली. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांतले पहिले मासे टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला लागले. तोवर त्या बेटावर ब्लूफिनला शौकिनांच्या शिकारीपलीकडे फारशी किंमत नव्हती. मासा तोच होता, समुद्र तोच होता, बदललं ते परतीचं विमान.

तुमच्या बेटदेशातून रुंद बॉडीची विमानं आठवड्यात किती, कुठे जातात, आणि पर्यटनाच्या हंगामात त्यांच्या पोटात प्रवाशांच्या बॅगा किती भरतात? मालदीवसारख्या ठिकाणी हा रोजचा झगडा आहे. बोट गुरुवारी लागली आणि जागा रविवारच्या विमानात मिळाली, तर तुम्ही डेकवर कमावलेले तीन दिवस विमानतळाच्या गोदामात घालवता. म्हणून मी आधी विमानाचं वेळापत्रक घेतो, त्यावरून बोट कधी परतेल ते ठरवतो, आणि त्यावरून कधी निघेल ते. तुमच्या मावसभावाच्या शीटमध्ये हवाई भाडं ही एक सपाट रक्कम आहे. ते भाडं हंगामात कुठे जातं हे तुम्ही फुलांची निर्यात करणाऱ्या कुठल्याही नाशिककराला विचारा.

दर्जाचं आणि वेळेचं बोललो, आता सुरक्षिततेचं. हा भाग तुम्हाला सांगायला सोपा आहे, कारण २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हा जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही घरात बघितलं असेल. टुनामध्ये त्या जागी हिस्टामाइन आहे. मासा चार अंशांच्या वर राहिला की त्याच्या मांसातल्या एका घटकापासून जिवाणू हिस्टामाइन बनवतात. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. वास येईलच असं नाही, दिसेलच असं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, डबाबंद करताना जात नाही, गोठवूनही जात नाही. युरोपचा नियम असा : एका लॉटमधून नऊ नमुने घ्यायचे, त्यांची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी, दोनच नमुने १०० ते २०० च्या मधे चालतील आणि २०० च्या वर एकही नको. एक खलाशी एका रात्री बर्फ टाकायला आळसावला, तर तो एक मासा अख्खा लॉट खाली बसवू शकतो. कंटेनर परत येतो तो प्रकार इथे नाही. विमानाने गेलेला मासा परत येत नाही, तिथेच जाळतात आणि जाळण्याचा खर्च तुमच्याकडून घेतात.

काही लोक तपकिरी मासा लाल दिसावा म्हणून कार्बन मोनॉक्साइड मारतात. मासा मग कितीही जुना झाला तरी टरबुजासारखा दिसतो. युरोपात आणि जपानमध्ये याला बंदी आहे. तुमचा भागीदार 'कलर ट्रीटमेंट' असा शब्द वापरायला लागला तर चहा संपवून उठा.

परवान्याबद्दल तुमच्या शीटमध्ये एकच ओळ आहे, 'लायसन्स फी'. इथे माझे केस पांढरे झालेत. हिंदी महासागरातल्या टुनावर देखरेख करणारा एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे, १९९६ पासून, मुख्यालय सेशेल्सच्या व्हिक्टोरिया बंदरात. बोट ज्या देशाच्या झेंड्याखाली आहे त्या देशाने तिचं नाव आयोगाच्या अधिकृत यादीत घातलेलं असावं लागतं. उलट एक काळी यादीही आहे, चोरट्या मासेमारीत सापडलेल्या बोटींची. जुन्या बोटी नाव बदलून, झेंडा बदलून, रंग मारून विकायला येतात. आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ओळख क्रमांक, मात्र सांगाड्याला जन्मभर चिकटलेला असतो. तुमच्या बोटीचा तो क्रमांक मागा आणि तिची आधीची नावं काढा. स्वस्तात मिळणारी लाँगलाइनर स्वस्त का आहे, याचं उत्तर पुष्कळदा इंजिनमध्ये नसून तिच्या जुन्या नावात असतं.

दुसरं, झेंड्याच्या देशाची पत. २०१० च्या जानेवारीपासून युरोपात कुठलाही समुद्री मासा पकड-प्रमाणपत्राशिवाय जात नाही. तुमच्या निर्यात द्राक्षांच्या ग्रेपनेट नोंदणीत प्लॉटपासून पेटीपर्यंत माग लागतो, तसा इथे बोटीपासून डब्यापर्यंत. एखादा देश आपल्या बोटींवर लक्ष ठेवत नाही असं युरोपला वाटलं तर आधी पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद, मग लाल, म्हणजे बंदी. श्रीलंकेला २०१२ मध्ये पिवळं मिळालं, २०१५ च्या सुरुवातीला तिथल्या बोटींचा मासा युरोपला बंद झाला, तो २०१६ मध्ये उघडला. त्या मधल्या काळात ज्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं अशा बोटवाल्यांनीही माल मिळेल त्या भावाला विकला. तुम्ही कितीही नीट वागलात तरी झेंडा दुसऱ्याच्या हातात असतो.

तिसरं, मासा किती आहे. येलोफिन जास्त उपसला जातोय असं आयोगाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये म्हटलं आणि २०१६ मध्ये देशांवर कपात आली. २०२४ च्या नव्या पाहणीत चित्र सुधारलं. पण मर्यादा एकदा आल्या की त्या कोणाला किती, ही रस्सीखेच संपत नाही, आणि त्यात छोट्या देशातली नवी कंपनी शेवटच्या बाकावर असते. पॅसिफिकमध्ये तर याची पार बाजारपेठ झाली आहे. नौरू कराराचे आठ देश मोठ्या पर्ससीन, म्हणजे जाळ्याने थवा घेरणाऱ्या बोटींना मासेमारीचे दिवस विकतात, २०१५ पासून एका दिवसाचा किमान भाव ८,००० डॉलर. मला ती पद्धत आवडते. मासा ज्यांच्या समुद्रात आहे त्यांच्या खिशात पैसा जातो. पण त्यातून हेही कळतं की खरी मालमत्ता परवाना आहे, लोखंड नाही.

एका बेटदेशात आमचा परवाना स्थानिक भागीदाराच्या वैयक्तिक नावावर होता, त्यानेच तसा आग्रह धरला होता. सरकार बदललं, त्याचे संबंध बदलले, आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याने तो दुसऱ्या गटाला दिला. आमची बोट धक्क्याला बांधलेली, खलाशांचे पगार चालू, बंदराचं भाडं चालू. बोट हा असा जिन्नस आहे की उभा राहिला तरी खातो. बर्फाचा कारखाना बंद ठेवता येतो, बोट बंद ठेवता येत नाही.

म्हणून माझा आग्रह की बोट शेवटी. हे मी हवेतून बोलत नाही, जगात हे करून दाखवलेली माणसं आहेत. ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकन नावाचं गाव आहे, तिथल्या मासेमारांमध्ये युगोस्लाव्हियातून आलेली घराणी बरीच. १९८० च्या दशकात सदर्न ब्लूफिनचा साठा खालावला आणि ऑस्ट्रेलियाचा कोटा १४,५०० टनांवरून ५,२६५ टनांवर आला. बोटी जास्त, मासा कमी. ज्यांच्याकडे कोटा होता त्यांनी जपानी लोकांना सोबत घेऊन १९९१ च्या सुमारास प्रयोग सुरू केला : मासा जिवंत घेरायचा, जाळ्याच्या तरंगत्या पिंजऱ्यासकट हळूहळू ओढत किनाऱ्याजवळ आणायचा, काही महिने सार्डिन खाऊ घालून चरबी चढवायची आणि जपानला हवा तेव्हा, हवा तेवढाच काढायचा. पूर्वी तोच मासा बराचसा डबाबंद करायला कवडीमोलाने जात होता. पकड तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि गावात कोट्यधीश झाले. त्यांनी जास्त बोटी घेतल्या नाहीत, होत्या त्याही कमी केल्या.

मालदीवचं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं. तिथे टुना पकडतात ते तिथलेच लोक, स्वतःच्या धोनी नावाच्या बोटींतून. काठी आणि काटा नसलेला गळ, एका वेळी एक मासा. प्रवाळाजवळची जिवंत छोटी मासळी पाण्यात उधळायची, वरून फवारे सोडायचे, आणि खवळलेल्या थव्यातले कुपे, म्हणजे छोट्या जातीचे टुना, काठीने सपासप मागे भिरकावायचे. हे बघितल्यावर मला माझी लाँगलाइन गबाळी वाटली होती. आपल्या लक्षद्वीपच्या मिनिकॉयला हीच पद्धत आहे. मालदीवच्या या मासेमारीला २०१२ मध्ये एमएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं आणि युरोपातल्या दुकानांनी त्याला जागा दिली. मी तिथे काम केलं ते बर्फ, खरेदी, ग्रेडिंग आणि पॅकिंगचं. बोट एकही नव्हती. जो धोनीवाला मासा गादीवर घेऊन तार घालून आणेल त्याला धक्क्यावर रोख वरचा भाव. महिन्याभरात आमच्याकडे रांग लागली, कारण बाकीचे खरेदीदार सगळ्या माशाला एकच भाव देत होते.

तुमच्या बेटावरही हाताने गळ टाकणारे छोटे बोटवाले असणारच. त्यांच्याकडे मासा आहे, कौशल्य आहे, बहुतेक वेळा बर्फ नसतो. बर्फासाठी गोडं पाणी लागतं, ते बेटावर समुद्राचं पाणी गोड करून मिळवावं लागतं, त्याला वीज लागते, आणि वीज डिझेलवर. हे सगळं कंटाळवाणं काम आहे, म्हणून त्यात कोणी पडत नाही. तुम्ही पडा. फळ काढल्यापासून काही तासांत प्री-कूलिंगला गेलंच पाहिजे, ही शिस्त तुमच्या हाडात आहे. ती मी खलाशांना शिकवायला वर्षं घालवली.

भावाबद्दल दोनच गोष्टी. एक, टोकियोतल्या नवीन वर्षाच्या लिलावाच्या बातम्या वाचून हिशेब करू नका. जानेवारी २०१९ मध्ये २७८ किलोचा एक ब्लूफिन ३३.३६ कोटी येनला गेला, ती खरेदीदाराची जाहिरात होती. आणि तो ब्लूफिन, तुमचा येलोफिन. दोन, कुप्याच्या, म्हणजे डबाबंद होणाऱ्या स्किपजॅकच्या वाटेला जाऊ नका. त्याचा भाव बँकॉकला ठरतो, २०१३ मध्ये टनाला २,००० डॉलरच्या वर होता, २०१५ मध्ये १,००० च्या आसपास आला. ते हजारो टन मारणाऱ्यांचं काम. तुम्ही दुबई, मस्कतची हॉटेलं आणि युरोपातले एक-दोन नेकीचे खरेदीदार धरा. २+ ग्रेडला तिथे बरा भाव येतो आणि उड्डाणही जवळचं.

सोमालियाच्या चाच्यांचं लोक विचारतात. २००९ मध्ये 'आलाक्राना' ही स्पॅनिश टुना बोट धरली तेव्हा आम्ही सगळेच हादरलो होतो. धोका अजून पूर्ण गेलेला नाही, आणि त्याचा परिणाम विम्याच्या हप्त्यातही दिसतो. विम्याचा कागद कुठल्या अक्षांश-रेखांशापर्यंत लागू आहे ते वाचा, एवढंच.

पैशांची मांडणी मी अशी करेन. चार कोटी एकदम देऊ नका. पहिल्या हंगामाला बर्फयंत्र, छोटी पॅकिंग शेड, एक कसलेला ग्रेडर आणि खेळतं भांडवल, यात एक-सव्वा कोटीच्या वर जाऊ देऊ नका. ग्रेडरच्या पगारात हात आखडू नका, सगळ्या कंपनीत महागडा माणूस तोच असू दे. परवाना आणि प्रक्रियेची नोंदणी कंपनीच्या नावावर, आणि त्या कंपनीत तुमची सही लागल्याशिवाय काही हलणार नाही असा करार, तोही त्या देशातल्या वकिलाकडून, भागीदाराच्या वकिलाकडून नव्हे. मावसभाऊ आहे म्हणून संकोच करू नका. नातं टिकवायचं असेल तर कागद आधीच जाड करावा. दोन हंगाम दुसऱ्यांचा मासा विकून तुमच्या नावाच्या पेटीला खरेदीदार ओळखायला लागला, आणि छोटे बोटवाले पुरे पडेनासे झाले, तर तिसऱ्या वर्षी बोटीचं बोलू. तेव्हाही नवी घेण्याआधी भाड्याने एक हंगाम.

आत्ता मावसभावाकडून तीन गोष्टी मागवा. बोटीचा आयएमओ क्रमांक. ज्या देशाचा झेंडा लावणार त्याचं नाव. आणि त्या बोटीच्या आधीच्या मालकाच्या मागच्या दोन हंगामांच्या विक्रीच्या पट्ट्या, ग्रेडनुसार, खरेदीदाराच्या शिक्क्यासह. मार्केट यार्डात पट्टीशिवाय तुम्ही टोमॅटोचं क्रेट सोडत नाही, इथे तर तीन कोटी सोडताय. पट्ट्या आल्या तर घेऊन या, बसून वाचू. 'जुन्या मालकाने हिशेब ठेवले नाहीत' असं उत्तर आलं, तर ती बोट बघायला जायचं विमानाचं तिकीटसुद्धा काढू नका.